ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? नवी मुंबईतल्या एका सुटकेनंतरचं प्रकरण

हे प्रकरण बावीस वर्षांच्या एका मुलीचं आहे. तिला इथे शेवंता म्हणते, खरं नाव वेगळं आहे. गाव, बिल्डिंग, लॉज, नातीगोती यातलं जे जे बदलायला हवं ते बदललंय, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्यातल्या बाईची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. लिहायच्या आधी तिला वाचून दाखवलं, तिने दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

मी ठाण्यात एका छोट्या संस्थेत काम करते. सुटका झालेल्या बायकांसोबत पोलीस ठाणं, हॉस्पिटल, कोर्ट, बँक, तहसील असं सगळीकडे जायचं हे आमचं काम. लोकांना सुटकेची गोष्ट माहीत असते, धाड पडली, मुली सोडवल्या, बातमी आली, संपलं. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. मदत आहे, चांगली आहे, कायद्यात लिहिलेली आहे, पण मदतीचं प्रत्येक दार आधार कार्ड, बँक खातं आणि मोबाईल नंबर मागतं, आणि माणसाची विक्री करणारा सगळ्यात आधी नेमक्या याच तीन गोष्टी ताब्यात घेतो. शेवंताचं सगळं प्रकरण याच एका गाठीभोवती फिरलं.

ती पालघर जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची, आदिवासी. शेती पावसाची, पावसाळा संपला की घरातली माणसं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर. शेजारच्या गावातली एक बाई, तिला सगळे मावशी म्हणायचे, नवी मुंबईत घरकामाला मुली लावून द्यायची. मावशीने शेवंताच्या बाबांच्या हातात वीस हजार उचल ठेवली आणि महिना नऊ हजार पगार सांगितला, राहणं खाणं मालकाकडे. बाबांना त्यात वावगं काही वाटलं नाही, भट्टीवर जातानाही उचल घेऊनच जातात सगळे. निघताना मावशीने आधार कार्ड मागितलं, "पोलीस व्हेरिफिकेशनला लागतं" म्हणून. घणसोलीला आल्यावर एका सेंटरवर नेऊन अंगठे लावले, बँकेत खातं उघडलं. शेवंताला वाटलं आपल्या भल्याचंच चाललंय.

पहिले सात-आठ महिने ती एका घरी चोवीस तासाची कामाला होती. त्या घरातल्या काकूंनी तिला कधी त्रास दिला नाही आणि पगारही दर महिन्याला खात्यात टाकला, हे आधीच सांगते कारण पुढे याचाच उपयोग झाला. पण एटीएम कार्ड मावशीच्या नवऱ्याकडे, त्याला ती दाजी म्हणायची. होळीला घरी जायचंय, पैसे द्या, असं शेवंताने म्हटलं तेव्हा हिशोब निघाला की उचल फिटलेली नाही, त्यावर खाणं, औषध, जाण्यायेण्याचं भाडं असं सगळं चढलंय. काम बंद करून तिला स्वतःच्या फ्लॅटवर आणून ठेवलं, फोन काढून घेतला. त्या फ्लॅटवर दाजीने तिच्यावर बलात्कार केला, एकदा नाही. त्यानंतर पनवेल बाजूच्या एका लॉजवर पाठवायला सुरुवात केली, गिऱ्हाईकाचे पैसे मॅनेजर आणि दाजी वाटून घ्यायचे. याच्यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाने बोगस गिऱ्हाईक पाठवून लॉजवर धाड टाकली, पाच जणी सापडल्या. मॅनेजरला तिथेच धरलं. गुन्हा लागला तो पिटाखाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६, आणि सोबत न्याय संहितेचं कलम १४३, मानवी तस्करीचं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो फिरला, पाचही जणी ओढणीने तोंड झाकून भिंतीला लागून बसलेल्या. तोंड झाकलं म्हणजे ओळख झाकली असं फोटो टाकणाऱ्याला वाटत असावं, पण शेवंताचा मोरपंखी ड्रेस तिच्या चुलत बहिणीने लगेच ओळखला, तो गेल्या वर्षी दोघींनी मिळून बाजारातून घेतलेला. आम्ही पाड्यावर पोचायच्या आधी बातमी पोचली होती. धाडीचा फोटो काढू नका, काढला तर कुणाला देऊ नका, एवढं एक जरी पाळलं गेलं तरी पुढचं अर्धं काम हलकं होतं.

होममध्ये, म्हणजे सोडवलेल्या बायकांना ठेवतात त्या निवाऱ्यात, पहिले दोन दिवस ती कुणाशीच बोलली नाही. पोलिसांनी जबाब घेतला होता त्यात फक्त लॉजचं होतं. आम्हीही काही विचारलं नाही, जेवण, आंघोळ, कुठे दुखतंय का, झोप लागली का, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, लॉजचं सगळ्यांना माहितीये. घरातलं कुणाला नाय माहीत." मी हातातलं ठेवून तिच्या बाजूला बसले, आणि तिने दाजीचं सांगितलं. अशा वेळी "आधी का नाही बोललीस" हे वाक्य तोंडातून निघालं की संपलं, पुढची कित्येक वर्षं तेच वाक्य तिच्या डोक्यात राहतं, कोर्टात वकील विचारणारच आहे, आपण तरी विचारू नये.

तिसरा दिवस म्हणून घाई होती. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये यासाठीची गोळीही लवकर घेतलेली चांगली. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. आंघोळ झाली, कपडे बदलले, आता काय उपयोग, असं बरेच जण म्हणतात आणि तिथेच थांबतात. असं काही नाही, तपासणी तरीही होते आणि उपचाराचा तर नमुन्यांशी काही संबंधच नाही. त्याच दुपारी महापालिकेच्या हॉस्पिटलला गेलो.

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या आणि त्या कशा चांगल्या होत्या ते सांगते, कारण बाकीच्यांना त्याचा उपयोग होईल. त्यांनी आधी हवालदार ताईंना पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. मग शेवंताला विचारलं, सोबत कोण हवंय, ती म्हणाली ही ताई. मग एकेका गोष्टीसाठी वेगळं विचारलं, तपासणी करू का, रक्त घेऊ का, नमुने घेऊ का, पोलिसांना कळवू का, आणि प्रत्येक ठिकाणी हो की नाही लिहून तिची सही घेतली. एका तपासणीला शेवंता नाही म्हणाली. मॅडमनी "नकार दिला" असं लिहिलं आणि बाकीचं काम पुढे चालू ठेवलं, चेहरा वाकडा केला नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये यासाठी नियमावली काढलीय तिच्यात हेच सांगितलंय. बाईला आधी शरीरसंबंधांची सवय होती का हे बघायला करायचे ती जुनी दोन बोटांची चाचणी तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की जो डॉक्टर ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी. फ्लॅटमधून आणलेले तिचे कपडे आणि तो मोरपंखी ड्रेस कागदाच्या पाकिटात सील झाले, प्लास्टिकमध्ये ठेवत नाहीत, दमट होऊन नमुने खराब होतात. हॉस्पिटलला जाताना एक पूर्ण ड्रेस, आतले कपडे, पॅड आणि खायला काहीतरी सोबत न्यायचं हे मी सगळ्या नव्या मुलींना सांगते, कारण कपडे जमा झाल्यावर बाईने घालायचं काय याचा विचार कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

हे पण लिहून ठेवते, एफआयआर नसताना थेट हॉस्पिटलला जाता येतं. सरकारी असो की खाजगी, बलात्काराच्या पेशंटवर तातडीचे उपचार फुकट करायचेच, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ आहे, नकार दिला तर हॉस्पिटल चालवणाऱ्यावर गुन्हा होतो. आणि एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, झिरो नंबरने घेऊन पुढे पाठवायची.

मग पुरवणी जबाब. महिला अधिकाऱ्याने होममध्ये येऊन घेतला, साध्या कपड्यात आल्या होत्या, बरं वाटलं. नंतर मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब झाला, त्याला पोलीस अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून एकशे चौसष्टचाच म्हणतात, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८३ आहे. या पुरवणी जबाबावर आम्ही एवढा जोर का दिला ते समजून घ्या. एफआयआरमध्ये जी कलमं असतात त्यावर पुढे कुठली मदत मिळणार ते ठरतं. नुसता पिटा आणि १४३ असता तर राज्य सरकारची नुकसानभरपाईची मनोधैर्य योजना हललीच नसती, कारण ती बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांच्यासाठी आहे. बलात्काराचं कलम ६४ लागलं तेव्हा ते दार उघडलं. शेवंता अनुसूचित जमातीची आणि दाजी त्या वर्गातला नाही, ती कोण आहे हे त्याला पक्कं माहीत, म्हणून अ‍ॅट्रॉसिटी लागली, मग तपास एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. उचल देऊन राबवून घेतलं म्हणून वेठबिगारीचा १९७६ चा कायदा आला. एकाच मुलीची एकच गोष्ट, पण जे कलम कागदावर येत नाही त्याची मदतही येत नाही. समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, मुलगी सज्ञान आहे आणि स्वखुशीने मुंबईला आली. कलम १४३ मध्येच स्पष्ट लिहिलंय की तस्करी ठरवताना बळी पडलेल्या माणसाची संमती धरायची नाही.

होममधल्या दिवसांबद्दल थोडं. पिटात सोडवलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात, तिची चौकशी होते, आणि चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, कलम १७ मध्ये तसं आहे. सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवू नये हे मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या एका प्रकरणात सांगितलं, सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात राज्यांना अशा होममधल्या बायकांचा आढावा घेऊन त्यांना सोडायला सांगितलं. बाकीच्या चौघींपैकी तिघी लगेच गेल्या, त्यांना जायचं होतं, त्यांच्यावर कुणी चिडायचं कारण नाही. शेवंताला मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली घरी नको, मावशीचं गाव आमच्या पाड्याच्या खालीच आहे. म्हणून तिच्या इच्छेने ती शक्ती सदनमध्ये, म्हणजे सरकारी योजनेतल्या निवाऱ्यात, राहिली. पूर्वी उज्ज्वला आणि स्वाधार अशा दोन वेगळ्या योजना होत्या, त्या आता मिशन शक्तीत एकत्र करून शक्ती सदन केलंय.

या सगळ्यात तिचे बाबा आले. एसटीने, दोन गाड्या बदलून, सोबत गावातला एक पोरगा. होमच्या ऑफिसात बसले, मुलीकडे बघून रडले नाहीत, काही बोललेही नाहीत, थोड्या वेळाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आत पाचशेच्या घड्या घातलेल्या नोटा. मला म्हणाले, "ताई, चार हजार जमलेत. बाकीची उचल कोणाकडं भरायची, पोलिसांकडं का कोर्टात?" त्यांना कायदा सांगायला मला शब्द सापडेनात. वेठबिगारीचं कर्ज कायद्याने कधीच संपलंय, फेडायची जबाबदारीच उरत नाही, उलट फेड मागणारा गुन्हेगार. मी दोनदा सांगितलं. ते मान हलवत राहिले पण विश्वास बसला नव्हता, तो बसला खूप नंतर, प्रांत साहेबांच्या सहीचा बंधमुक्तीचा दाखला हातात आला तेव्हा. त्या दाखल्यावर तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते आणि लैंगिक शोषणातून सोडवलेल्या बाईसाठी केंद्राच्या योजनेत एकूण ३ लाखांची तरतूद आहे. लॉजवरून सोडवलेल्या मुलींसाठी हा दाखला सहसा कुणी मागतच नाही, वेठबिगार म्हटलं की वीटभट्टीच डोळ्यासमोर येते. मागायला हवा.

आता पैशांचं, कारण पैशांशिवाय पुढचं काही होत नाही. मनोधैर्य २०१३ पासून आहे, २०१७ मध्ये सुधारली, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तातडीचे ३० हजार आणि पुढे गुन्ह्याच्या परिणामाप्रमाणे १० लाखांपर्यंत. अ‍ॅट्रॉसिटीखाली बलात्काराच्या गुन्ह्यात ५ लाख, अर्धे मेडिकल रिपोर्टनंतर, पाव दोषारोपपत्र गेल्यावर, पाव खालच्या कोर्टाचा निकाल लागल्यावर, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसातून. आणि बंधमुक्तीचे वेगळे. तिन्हीकडे आधार लागणार, स्वतःच्या नावाचं खातं लागणार, अ‍ॅट्रॉसिटीला वर जातीचा दाखला. शेवंताकडे यातलं काय होतं? काहीच नाही. आधार कार्ड आणि पासबुक दाजीच्या कपाटात आणि दाजी फरार.

आधार नंबर घरच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर मिळाला. होमच्या एका कर्मचारी ताई तिला घेऊन जवळच्या बँकेत नवीन खातं उघडायला गेल्या. काउंटरवरच्या माणसाने नंबर टाकला, ओटीपी पाठवला, म्हणाला सांगा. कुणाच्या फोनवर काही आलं नाही. "उद्या या, सर्व्हर डाऊन असेल." त्या संध्याकाळी शेवंताच्या बाबांना फोन आला, पोरीला कुठल्या बँकेत घेऊन फिरतायत, जबाब मागे घ्यायला सांग, नाहीतर धाकटी पण आहे तुझ्या घरात.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधारच्या साईटवर तिचा नंबर तपासला. तिथे पूर्ण मोबाईल नंबर दिसत नाही, शेवटचे तीन आकडे दिसतात. शेवंता स्क्रीनजवळ वाकली, बोट ठेवून एकेक आकडा वाचला आणि म्हणाली, "हा माझा नाय. दाजीचा हाय." घणसोलीच्या त्या सेंटरवर जे अंगठे लावले होते ते यासाठी होते. म्हणजे आपण तिच्यासाठी जो जो अर्ज भरू, जे जे खातं उघडू, त्याचा मेसेज आधी दाजीला जाणार, तिच्या खात्यात तिच्याच नुकसानभरपाईचे पैसे आले तरी. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

त्या धमकीच्या फोनचा उपयोग मात्र पोलिसांनी नीट केला. कक्षातल्या मॅडमनी कॉल रेकॉर्ड काढले आणि काही दिवसांतच दाजी नाशिककडच्या रस्त्यावर एका ढाब्यावर सापडला, मावशी त्याच्या आदल्या रात्री.

मग नंबर बदलायचं काम. आधारवरचा मोबाईल बदलायला कागद लागत नाही, जुन्या नंबरचा ओटीपी पण लागत नाही, केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, बस. हे खूप जणांना माहीत नाही. पण नवा नंबर कुठला द्यायचा? जिथे जावं तिथे एकच सल्ला, "ताई, तुमचाच टाका ना." सोपं आहे, रोज होतं, आणि माझं ठाम मत आहे की करू नये. माझा नंबर टाकला म्हणजे तिच्या खात्याची किल्ली दाजीकडून माझ्याकडे आली, तिच्याकडे नाही. मी नोकरी सोडली, माझा फोन हरवला, उद्या माझ्याशीच तिचं पटलं नाही, मग? तिच्या नावाचं सिम घेतलं, अंगठा लावून मिळालं. आता पुढची अडचण, होममध्ये राहणाऱ्यांना फोन ठेवायची परवानगी नाही, आणि त्याला कारणही आहे, दलाल फोनवरूनच परत ओढून नेतात. अधीक्षक मॅडमशी बसून तोड निघाली, बटणाचा साधा फोन, ऑफिसच्या कपाटात, रजिस्टरमध्ये शेवंताची सही करून ती काढणार आणि ठेवणार, ओटीपी ती स्वतः वाचणार आणि स्वतः टाइप करणार. पहिल्यांदा तिला सहा आकडे टाइप करायला इतका वेळ लागला की ओटीपीच संपला, बँकेतल्या माणसाने "द्या मी टाकतो" म्हणून हात पुढे केला, तिने फोन मागे घेतला आणि परत पाठवा म्हणाली.

जातीच्या दाखल्यासाठी तिच्या आश्रमशाळेत गेलो. ती नववीत शाळा सोडलेली, दाखला घरी उंदरांनी खाल्लेला. मुख्याध्यापक सरांनी जनरल रजिस्टरचं ते मोठं जाड पुस्तक काढलं, तिच्या नावासमोर जन्मतारीख, जात, पाडा, सगळं निळ्या शाईत. त्यांनी कशासाठी हवं विचारलं, मी म्हटलं शिक्षणासाठी, पुढे एक शब्द विचारला नाही त्यांनी, उतारा दिला, शिक्का मारला. पोलिसांनी जबाबात अंदाजाने वय एकोणीस टाकलं होतं, ते त्यावरून दुरुस्त झालं. मॅजिस्ट्रेटसमोरच्या चौकशीसाठी परिविक्षा अधिकारी पाड्यावर गेले ते सरकारी जीप खाली रस्त्यावर ठेवून चालत वर गेले, हे मी मुद्दाम लिहितेय, जीप दारात उभी राहिली की पाड्याला वर्षभर विषय होतो.

अर्ज कुठल्या जिल्ह्यात करायचा हा नवी मुंबईत नेहमीचा घोळ. पोलीस आयुक्तालय एकच, पण वाशी, नेरूळ, घणसोली ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल, खारघर, कामोठे रायगडात. फ्लॅट ठाणे जिल्ह्यात, लॉज रायगडात, गुन्हा पनवेल बाजूला नोंदलेला, तेव्हा मनोधैर्यचा अर्ज अलिबागला. आणि तिला नेऊन आणायचं तर रस्त्याचा प्रश्न. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की रबाळेनंतर घणसोली येतं, पहिल्या वेळी तिला दारातच उलटी झाली. ठाणे-बेलापूर रोडने गेलं तरी तेच. म्हणून आम्ही दिव्याला जाऊन रोह्याची मेमू पकडायला लागलो, तळोजा, कळंबोली, पनवेल, आणि अलिबागला जायचं असेल तर तीच गाडी पेणपर्यंत, पुढे एसटी. गाड्या कमी, वेळ दुप्पट, पण ती खिडकीला बसून पूर्ण रस्ता बघत यायची. कोर्टात नीट बोलायचं असेल तर बाई तिथे शांत पोचायला हवी, हे कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही पण मी ते खर्चात लावते आणि भांडून मंजूर करून घेते.

जामिनाच्या वेळी अ‍ॅट्रॉसिटीचं कलम १५अ कामाला आलं. जामिनाची सुनावणी असेल तर पीडितेला नोटीस द्यावी लागते आणि तिचं म्हणणं ऐकावं लागतं. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकील मॅडमनी बाबांना आलेल्या धमकीचा फोन, ओटीपीची वेळ आणि फोनची वेळ शेजारी शेजारी ठेवून दाखवली. दाजीचा जामीन फेटाळला गेला. मावशीला नंतर मिळाला, पालघर जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर.

रात्रीचं सांगायला हवं. बराच काळ ती दिवा लावूनच झोपायची आणि खोलीतल्या बाकीच्या मुली कुरकुरायच्या. समुपदेशक ताईंनी काही मोठं केलं नाही, दाराजवळचा पलंग तिला दिला, आतून कडी तिच्या हातात. औषधाची गरज आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून ठरवलं, काही महिने गोळ्या होत्या. ज्यांना लगेच कुठे जाता येत नाही त्यांच्यासाठी टेलिमानस आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. बाकीचे नंबरही इथेच देते, महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, लहान मुलांसाठी १०९८, फुकट वकिलासाठी १५१००. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका ठिकाणी मिळतो, १८१ वर विचारलं की तुमच्या जवळचं सांगतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो लागतो, तिथे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे आणि तिला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, तो रस्ता पूर्ण वेगळा.

कामाचं काय, तर एका ठिकाणी तिला ब्युटी पार्लरचा कोर्स सुचवला. चांगल्या मनानेच सुचवला होता. पण लॉजच्या खाली पाटी पार्लरचीच होती, तिने नुसती मान हलवली. शिवणकाम विचारलं, तेही नको. खूप दिवसांनी ती म्हणाली दहावी करायचीय. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि मोबाईल नंबर लागतो, आणि यावेळी तिन्ही तिच्याकडे होतं. गणिताला होममधलीच एक बीकॉमची मुलगी शिकवते, शेवंताला बीजगणित आवडतं आणि भूमिती अजिबात नाही.

जुन्या खात्याचं स्टेटमेंट पोलिसांनी बँकेकडून मागवलं तेव्हा काकूंनी टाकलेले नऊ-नऊ हजार ओळीने दिसले, आणि प्रत्येकाच्या खाली त्याच दिवशी घणसोलीच्या एकाच एटीएममधून काढलेली रक्कम. काकूंनी स्वतः येऊन जबाब दिला, मेसेजचे स्क्रीनशॉट दिले. एटीएमचं फुटेज एवढं जुनं मिळालं नाही. दोषारोपपत्र दाखल झालंय, अ‍ॅट्रॉसिटीच्या मदतीचा दुसरा हप्ता मंजूर आहे पण जमा झालेला नाही, मनोधैर्यचे तातडीचे तिच्या खात्यात आलेत आणि उरलेल्या रकमेवर सुनावणी बाकी आहे. स्टेटमेंट कोर्टात पुरावा म्हणून चालायला त्यासोबत बँकेच्या अधिकाऱ्याचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्या वेळी शिक्का नसल्याने परत गेलं, आता दुसऱ्यांदा मागवलंय, पुढच्या तारखेच्या आत ते यायला हवं म्हणून वकील मॅडम आणि मी सोमवारी बँकेत जाणार आहोत, शेवंता पण येतेय.